वसंतातल्या लग्नाला आपल्या मातीतली फुलं: गुच्छ, हार आणि मांडवाची तयारी

लग्नाच्या फुलांची बोलणी बहुतेक घरांत रंगावरून सुरू होतात. शालूचा रंग ठरतो, त्याला साजेसा गुलाब किंवा जरबेरा ठरतो आणि डेकोरेटर तो बाराही महिने आणून देतो. आपल्याकडची वसंतातली फुलं अशी मागणीबरहुकूम येत नाहीत. सुरंगी मोजके आठवडे फुलते. मोगऱ्याची कळी दिवस मावळल्यावर उमलते. बकुळ पहाटे झाडाखाली सडा घालते. पळस मार्चअखेर संपत आलेला असतो आणि बहावा तेव्हा कुठे कळ्या धरत असतो. म्हणून आधी महिना बघा, मग मुहूर्ताची वेळ बघा. रंग सगळ्यात शेवटी. फुलाच्या वेळेशी लग्नाची वेळ जुळली की निम्मं काम तिथेच होतं, आणि ती जुळली नाही तर महागातली सजावटही दुपारपर्यंत मान टाकते.

आपलं फूल कोणतं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे, जरबेरा दक्षिण आफ्रिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, देवळापुढचा पांढरा चाफाही मूळचा अमेरिका खंडातला. यातली काही फुलं इथे इतकी रुळली आहेत की त्यांना परकं म्हणवत नाही, आणि झेंडूचं तोरण लावू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण त्यांच्या पलीकडे इथलं म्हणावं असं बरंच काही आहे आणि त्यातलं पुष्कळसं नेमकं फाल्गुन ते वैशाख याच काळात फुलतं: मोगरा, कुसर, सोनचाफा, बकुळ, सुरंगी, अबोली, पळस, काटेसावर, पांगारा, बहावा, ताम्हण, करंज, शिरीष, कुडा, उक्षी, धायटी. जोडीला दवणा, तुळशीच्या मंजिऱ्या आणि चैत्रपालवी. लग्नाचा हंगाम आणि हा बहर एकाच वेळी येतात, हे आपलं भाग्यच.

महिना आणि प्रदेश

फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये लग्न असेल तर विदर्भ, मराठवाडा आणि सह्याद्रीच्या पायथ्याला पळस, काटेसावर, पांगारा आणि धायटी असतात. सगळा लाल-केशरी कारभार. कोकणात याच सुमाराला सुरंगी सुरू होते आणि उक्षीचे वेल फिकट हिरव्या-पांढऱ्या झुबक्यांनी भरतात. देशावर दवण्याची कापणी झालेली असते.

एप्रिलमध्ये रंग उतरतात आणि वास चढतो. मोगरा भरात येतो, बकुळ पडू लागते, करंजाखाली पांढऱ्या-जांभळट फुलांचा थर साचतो, कडुनिंबाला बारीक फुलोरा येतो. घाटातल्या रानांत कुसर फुलते.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे संपेपर्यंत बहावा आणि ताम्हण. अक्षय्य तृतीयेच्या आसपासचं लग्न असेल तर पिवळा आणि जांभळा हे दोन रंग तुम्हाला झाडांनीच दिलेले असतात. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. लग्नाच्या मांडवात ते क्वचितच दिसतं याचं मला वाईट वाटतं.

हे वेळापत्रक दरवर्षी तंतोतंत पाळलं जात नाही. थंडी लांबली, अवकाळी पाऊस झाला की बहर पंधरा दिवस इकडेतिकडे होतो. तारीख ठरल्यावर आदल्या वर्षी त्याच आठवड्यात काय फुललं होतं ते आठवा, मोबाइलमधले जुने फोटो काढून बघा, शेजारच्या आजींना विचारा. आणि कुठल्याही एका फुलावर सगळी सजावट टांगू नका. मुख्य फूल एक, त्याला पर्यायी दुसरं, आणि कुठल्याही परिस्थितीत मिळेलच असं तिसरं. एप्रिल-मेमध्ये हा तिसरा नंबर मोगऱ्याचा.

कुठून आणायची, कुठून नाही

मोगरा, सोनचाफा, अबोली, दवणा ही लागवडीची फुलं. ती शेतकऱ्याकडून किंवा बाजारातून घ्या. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागात आदिवासी शेतकरी मोगरा पिकवतात आणि तो पहाटे दादरच्या फूलबाजारात येतो. सोनचाफ्यासाठी वसईच्या वाड्या प्रसिद्ध. पुण्याच्या लोकांना गुलटेकडीचं मार्केट यार्ड जवळ. सुरंगीचे वळेसर, म्हणजे ओवलेले गजरे, वेंगुर्ल्याच्या बाजूला आरवली, आसोली, सोन्सुरे या गावांतून येतात. उंच झाडावर चढून कळ्या काढणं फार कष्टाचं आणि जोखमीचं काम आहे, तेव्हा तिथे घासाघीस करू नये. लग्नाच्या तिथीला भाव चढतोच. महिनाभर आधी भाव आणि वजन बोलून थोडा विसार दिलात तर दोघांचीही सोय होते.

झाडांवरच्या फुलांची गोष्ट वेगळी. शहरातलं रस्त्याकडेचं झाड नगरपालिकेच्या अखत्यारीत येतं, आणि महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा पोचवणं हेही 'तोडणं' या व्याख्येतच बसतं. फांद्या ओरबाडू नका. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून विनापरवाना फूल-पान आणणं वन्यजीव कायद्याने मना आहे. राहिलं खासगी शेत, परसबाग, बांध. तिथे मालकाला विचारून, एका झाडाची थोडी, दुसऱ्याची थोडी अशी फुलं घ्या. पळस-पांगाऱ्यावर पक्षी आणि मधमाश्या पोट भरत असतात. त्यांच्यासाठी वरचा शेंडा सोडायचाच.

तीन गोष्टींना माझा ठाम नकार आहे. आंब्याचा मोहोर तोडू नका, तो कुणाचा तरी आंबा आहे. शिवाय त्यावर तुडतुड्यांचा चिकटा असतो, तो कपड्यांना लागतो. मोहाची फुलं सजावटीला वापरू नका, ती रानातल्या घरांचं अन्न आणि मिळकत आहे. आणि झाडावरची आमरी (ऑर्किड), मग ती सीतेची वेणी कितीही देखणी लोंबत असो, जिथे आहे तिथेच राहू द्या.

सुदैवाने आपली बरीच झाडं फुलं आपणहून खाली देतात. काटेसावरीचं मांसल फूल अखंडच पडतं. बकुळ, करंज, बहावा यांचा तर सडाच असतो. झाडाखाली रात्री जुनं धोतर किंवा चादर अंथरून ठेवली तर सकाळी माती न लागलेली फुलं मिळतात.

फुलागणिक स्वभाव

मोगऱ्यापासून सुरुवात करू, कारण वसंतातल्या लग्नाचा भार तोच पेलतो. मोगरा कळीच्या रूपात घ्यायचा असतो. पहाटे तोडलेली भरदार, पूर्ण पांढरी झालेली कळी त्याच संध्याकाळी उमलते. हिरवट, बारीक कळी तोडल्यावर तशीच राहते आणि सुकते. घेताना मूठभर कळ्या तळहातावर पसरून बघा. देठाकडे हिरवटपणा जास्त दिसला तर तो वाटा नको. लांबट कळीचा मोगरा ओवायला सोपा, गोल गरगरीत बटमोगरा गुच्छात शोभतो.

आता मुहूर्ताशी सांगड. सकाळचं लग्न असेल तर त्याच पहाटेच्या कळ्यांचे गजरे करा. ते मोत्यांसारखे बंद राहतील आणि संध्याकाळच्या स्वागत समारंभापर्यंत टिकतील. गोरज मुहूर्त असेल तर याहून भाग्याची गोष्ट नाही, अंतरपाट दूर होण्याच्या सुमाराला नवरीच्या केसांतल्या कळ्या उमलायला लागलेल्या असतात. आदल्या संध्याकाळी उमललेला मोगरा मात्र सकाळच्या लग्नाला वापरू नये, तो दुपारी तांबूस पडतो. कळ्या ठेवताना ओलसर सुती कापडात सैल गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधल्या तर आतल्या आत उबतात आणि काळ्या पडतात.

बकुळीचा स्वभाव याच्या अगदी उलट. ती शिळी होत नाही, वाळते, आणि वाळली तरी वास सोडत नाही. गळणाऱ्या फुलाच्या मधोमध आयतं छिद्र असतं, त्यामुळे सुईशिवायही ओवता येतं. म्हणजे बकुळीचे सर लग्नाच्या आठ-दहा दिवस आधीपासून जमवता येतात. ज्या घरात ऐनवेळी हाताशी माणसं कमी असतील त्यांनी बकुळीवरच भर द्यावा. होमाच्या आसपास, जिथे धगीने मोगरा मान टाकतो, तिथे बकुळीचे सर बिनघोर लावावेत. रंग मातकट असतो, फोटोत उठून दिसत नाही. पण फूल फोटोपुरतं असू नये.

सुरंगी कोकण आणि गोव्याची. कळ्या उमलण्याआधी झाडावरून काढून लगेच ओवाव्या लागतात, कारण फूल पूर्ण उमललं की पाकळ्या गळतात आणि मधला केशरी-पिवळ्या केसरांचा गोंडा उरतो. तो गोंडाही सुंदर दिसतो आणि वळेसर सुकला तरी घमघमतो. मात्र केसरांची पिवळी भुकटी पांढऱ्या सदऱ्याला लागते, म्हणून सुरंगी नवरीच्या वेणीत द्यावी, नवरदेवाच्या हारात नको.

सोनचाफ्याचं फूल सकाळी अर्धवट उमललेलं घ्यावं. पाकळीला बोट घासलं तरी तिथे तपकिरी डाग उठतो, तेव्हा धरायचं ते देठाला. केळीच्या पानात एका थरात मांडून न्यायचं, फुलांवर फुलं रचायची नाहीत. पूर्ण उमललं की पाकळ्या सुटतात, त्यामुळे सोनचाफा दोन-तीन तासांच्या कामाचा: स्वागताला हातात द्यायचं फूल, ताटात मांडायची फुलं, नवरीच्या गुच्छाच्या मध्यभागी सात-आठ.

अबोलीला वास नाही. घरात कुणाला उग्र वासाने डोकं दुखत असेल तर हीच उपयोगाची. माळलेली अबोली इतर फुलांच्या मानाने खूप टिकते, दुसऱ्या दिवशी पूजेलाही चालते. मोगऱ्याच्या पांढऱ्या सरात मध्ये मध्ये अबोलीचा फिका केशरी पट्टा आणि त्यात दवण्याची एखादी काडी, असा गजरा बघितल्यावर बाजारातल्या चकचकीत कागदी गजऱ्यांकडे बघवत नाही.

पळस लवकर कोमेजत नाही, पण रंग सोडतो. होळीचा रंग यापासूनच करतात हे लक्षात असू द्या आणि रेशमी वस्त्राजवळ तो फिरकू देऊ नका. त्याची जागा पितळी परातीत किंवा पाण्याने भरलेल्या घंगाळात. पाण्याला हळूहळू पिवळी-केशरी झाक येते, ती छान दिसते. काटेसावरही अशीच पाण्यावर तरंगत ठेवावी.

बहावा आणि ताम्हण तोडल्यावर नाजूक होतात. बहाव्याचे घोस दोन-तीन तास लोंबत ठेवायला उत्तम, त्यानंतर पाकळ्या झडतात. झडू द्याव्यात, खाली पिवळा गालिचा तयार होतो. घोस निवडताना वरची फुलं उमललेली आणि टोकाकडे कळ्या शिल्लक आहेत असा घ्या. ताम्हणाची पाकळी मुळातच चुरगळल्यासारखी असते आणि उन्हात लवकर लुळी पडते, त्यामुळे डहाळी पाण्यात उभी राहील अशाच ठिकाणी वापरा. शिरीष तर तासाभराचा पाहुणा, एखादं फूल कानामागे खोवायला ठीक.

भरीला आपण जिप्सोची बारीक पांढरी फुलं विकत आणतो. कोकणातल्या लोकांना त्याची गरज नाही, उक्षी आहे. फूल संपल्यावरही तिची कागदासारखी पाकळीवजा दलं वेलावर टिकतात आणि वाळली तरी आकार धरून राहतात. देशावर हेच काम दवणा करतो. त्याची राखाडी-हिरवी नक्षीदार पानं पांढऱ्या फुलांमागे फार खुलतात, आणि चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा हा दवणा लग्नात असावा असं घरातल्या मोठ्यांनाही वाटतं.

कुडा आणि रुई यांना चीक असतो. फुलं पांढरी, देखणी, रुईची तर मेणासारखी टिकाऊ. पण चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून तोडल्यावर देठ पाण्यात धुऊन, निथळवून मगच हाताळा आणि लहान मुलांना या कामाला बसवू नका. कण्हेर मांडवात आणूच नका. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि लग्नात फुलं कधी ताटाशेजारी, कधी सरबताच्या ग्लासात जाऊन पडतील सांगता येत नाही.

तोडल्यावर पहिले सहा तास

फूल किती टिकणार हे इथे ठरतं. तोडणी सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यावर. भर उन्हात तोडलेली डहाळी आधीच तहानलेली असते, तिला नंतर कितीही पाणी पाजा. शेतावर जातानाच अर्धी भरलेली बादली सोबत न्या. घरी आल्यावर देठाचं टोक धारदार चाकूने तिरकं कापा, पाण्यात बुडतील तेवढी पानं काढून टाका. ताम्हण, करंज यांच्यासारख्या लाकडी डहाळीचं टोक बोटाच्या पेराएवढं उभं चिरा. चिकाच्या डहाळीचं टोक काही क्षण उकळत्या पाण्यात धरलं की चीक थांबतो. मग सगळं सावलीत, वारा नसलेल्या खोलीत, खोल पाण्यात निदान चार-सहा तास, जमलं तर रात्रभर. कूलर किंवा पंख्याच्या झोतात फुलं ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे, वाऱ्याने ती लवकर सुकतात.

पाण्यात एका लिटरला दोन चमचे साखर आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. साखरेने पाणी लवकर नासतं, तेव्हा दर बारा तासांनी ते बदला.

पिंपळाची तांबूस आणि कुसुंबाची लालबुंद कोवळी पालवी फार मोहात पाडते. कोवळी असल्यामुळेच ती सगळ्यात आधी लुळी पडते. अशी डहाळी पूर्णच पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग उभी करा. एवढं करूनही मरगळली तर तिचा हट्ट सोडून आंब्याचं जून पान घ्या.

गजरे, हार, मुंडावळ्या

किती फुलं लागतील हा प्रश्न सगळ्यांना पडतो. सोपी रीत अशी: ज्या दोऱ्याने आणि ज्या गाठीने गजरा करणार आहात, तसाच वीतभर ओवून बघा आणि कळ्या मोजा. एका गजऱ्याला किती विती, गजरे किती, हाराला किती विती, असा गुणाकार करा. वर चौथा हिस्सा जास्त धरा, कारण निवडताना तेवढा माल बाद होतोच. मग बाजारात पाव किलोत साधारण किती कळ्या बसतात ते एकदा मोजून वजन सांगा.

नायलॉनचा दोरा नको. तो कळीचा देठ कापतो आणि निर्माल्यात कुजत नाही. केळीच्या वाळलेल्या सोपटाचे धागे काढून थोडा वेळ पाण्यात भिजवले की मऊ आणि चिवट होतात. त्यांचा ओलावा फुलालाही मिळतो. गाठ मारायची ती देठाच्या अगदी वर. फुलाच्या मानेला फास बसला तर तासाभरात कळी झुकते.

वरमाला फार जाड करू नये. ओल्या फुलांचा जाड हार जड असतो, उकाड्यात मानेला ओलसर चिकटतो आणि शालूवर पाणी झिरपतं. मोगऱ्याचे दोन सर, मध्ये अंतराने तुळशीच्या मंजिऱ्या, तळाशी पदकाच्या जागी बटमोगऱ्याचा झुबका. एवढं पुरे. हार घालायच्या अर्धा तास आधी कोरड्या कापडावर पसरून निथळू द्यावा. लांबी नवरा-नवरीच्या उंचीवर सुतळीने मापून घ्या. बसल्यावर टोक मांडीवर पडून दुमडणार नाही अशी हवी.

फुलांच्या मुंडावळ्या हलक्या हव्यात. कपाळावर एकच सर, दोन्ही बाजूंना हनुवटीच्या थोडं खालपर्यंत लड. ओल्या कळ्यांचं वजन कानशिलावर येतं, म्हणून लडीत कळ्यांच्या मध्ये बकुळीची वाळलेली फुलं घाला. वजन निम्मं होतं आणि वास दुप्पट.

हातातला गुच्छ

आपल्या लग्नविधीत गुच्छाला जागा नाही, तो येतो संध्याकाळच्या स्वागत समारंभात. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत मात्र नवरी गुच्छ घेऊनच वेदीकडे जाते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं सहसा होत नसल्यामुळे ती ईस्टरनंतर, म्हणजे नेमकी मोगरा आणि सोनचाफ्याच्या दिवसांत येतात. वाडीतली फुलं असताना दूरवरून गुलाब कशाला मागवायचे?

अडचण एकच: आपल्या सुवासिक फुलांना लांब देठ नसतो. त्यावर उपाय माडाच्या पातीच्या हिराचा, म्हणजे पातीच्या मधल्या ताठ काडीचा.

आधी हीर घ्या, वीत-सव्वा वीत लांबीचे, ताजे, लवचिक. एकेका हिराच्या टोकावर मोगऱ्याच्या पाच-सहा कळ्या देठातून टोचून झुबका करा आणि खालून ओल्या वाकाने, म्हणजे केळीच्या सोपटाच्या धाग्याने, दोन वेढे द्या. सोनचाफ्याचं प्रत्येक फूल स्वतंत्र हिरावर, देठातून सरळ वर, पाकळीला न छेदता. असे मोगऱ्याचे पंधरा-वीस झुबके आणि सोनचाफ्याची सात-आठ फुलं तयार झाली की डाव्या हातात मधला झुबका उभा धरा. पुढची प्रत्येक काडी तिरकी, एकाच दिशेने कललेली लावत जा आणि दर दोन-तीन काड्यांनंतर गुच्छ हातातल्या हातात थोडा फिरवा. काड्या पीळ घेत जातात, वरचा भाग आपोआप गोल होतो आणि फुलं एकमेकांना दाबत नाहीत. मधल्या जागांत दवणा किंवा उक्षी भरा. कडेने आंब्याची किंवा नागवेलीची पानं, टोकं बाहेर वळलेली.

जिथे काड्या एकमेकींना छेदतात तिथे वाकाने घट्ट बांधा. त्यावर ओल्या कापडाची पट्टी, पट्टीवर केळीच्या पानाचा वेढा, आणि त्यावर हवी तर खणाची किंवा पैठणीच्या काठाची पट्टी. मधला केळीचा थर विसरू नका, नाहीतर ओल थेट रेशमात उतरेल. तयार गुच्छ समारंभापर्यंत थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. बर्फ बाटलीत भरलेला, टॉवेलात गुंडाळलेला आणि फुलांना न टेकणारा हवा, बर्फ लागलेली पाकळी काळी पडते.

याच रीतीचा एक गुच्छ लग्नाच्या आठवडाभर आधी करून बघा आणि लग्नाच्याच वेळी, तेवढाच वेळ, त्याच उकाड्यात बाहेर ठेवा. नागपूर-चंद्रपूरकडे मेच्या दुपारी पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पुण्यात सहा तास टिकलेला गुच्छ तिथे टिकेल असं धरून चालू नये. तिकडे गुच्छ दोन करावेत, एक विधीला, एक संध्याकाळी.

मांडव

डेकोरेटर हिरव्या स्पंजाच्या विटा वापरतात. ती प्लास्टिकच्या जातीची वस्तू आहे, मातीत कुजत नाही. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू फुकट असते: केळीचं खोड. घड काढलेल्या केळीचं खोड आडवं ठेवून त्याचे हातभर लांबीचे तुकडे करा, तळ सपाट तासा म्हणजे गडगडणार नाही, आणि हिरावरची फुलं, डहाळ्या सरळ त्यात खोचा. खोडात पाणीच पाणी असतं, दिवसभर फुलांना ओल मिळत राहते. केळीचा चीक फरशीवर आणि कापडावर काळा डाग पाडतो, म्हणून खाली पत्रावळी किंवा परात हवीच.

प्रवेशाला केळीचे खुंट, आंब्याच्या पानांचं तोरण, माडाच्या झावळ्यांची विणलेली कमान. हे आपलं जुनंच आहे. त्यात भर म्हणून मेमध्ये कमानीखाली बहाव्याचे घोस वेगवेगळ्या उंचीवर सोडा. लोकांच्या डोक्याला लागणार नाहीत इतके वर, आणि मुहूर्ताच्या तासभरच आधी. मंगलकार्यालयात इतक्या उशिरा शिडी लावू देतात का, हे आधी विचारून ठेवा.

वधूवरांच्या पाटाभोवती रांगोळीला पडलेल्या पाकळ्या घ्या. बहाव्याचा पिवळा, ताम्हणाचा जांभळा, करंजाचा पांढरट, आणि लग्न मार्चमध्ये असेल तर काटेसावरीचा लाल. सकाळी गोळा करून ओल्या कापडावर पसरून झाकून ठेवायच्या. रेषा तांदळाच्या पिठाने काढून आत पाकळ्या भरायच्या. होमकुंडाच्या तीन-चार फुटांत ताजी फुलं लावू नका.

मधाची फुलं असतील तिथे मुंग्या आणि मधमाश्या येणारच. डहाळ्या मांडवात आणण्याआधी उलट्या धरून हलकेच झटका, आणि करंज-धायटीसारखी फुलं जेवणाच्या पंगतीपासून लांब ठेवा. कळ्यांकडे मधमाश्या फारशा फिरकत नाहीत.

दिवसांचा हिशोब

तीन-चार महिने आधी: तारखेप्रमाणे फुलांची यादी, शेतकऱ्यांशी आणि झाडमालकांशी बोलणं. एक महिना आधी: वजन आणि भाव पक्का, विसार. दहा दिवस आधीपासून: बकुळ वेचणं आणि ओवणं. दोन दिवस आधी: हीर, केळीचं खोड, झावळ्या, आंब्याचे डहाळे. आदल्या पहाटे आणि संध्याकाळी: डहाळ्यांची तोडणी, रात्रभर पाण्यात. आदल्या दुपारी कमानी आणि तोरणं, म्हणजे फक्त पानांचं काम.

लग्नाच्या दिवशी पहाटे मोगरा आणि सोनचाफा येतो. सकाळच्या मुहूर्तासाठी गजऱ्यांना निदान चार जणी पहाटे पाचला बसायला हव्यात, आणि त्या मावशी-आत्या-काकूंना त्याच दिवशी दुसरं कुठलंही काम देऊ नये. त्यांच्यासाठी चहा-पोह्यांची सोय लक्षात ठेवून करा. क्रम असा: आधी मुंडावळ्या, मग वरमाला, मग नवरीची वेणी, करवल्यांचे गजरे आणि शेवटी गुच्छ. उशीर झालाच तर पाहुण्यांचे गजरे ओवत बसू नका, सोनचाफ्याचं एकेक फूल हातात द्या.

लग्न झाल्यावर फुलं नदीत सोडू नका. दोरे आणि रेशमी पट्ट्या काढा, हीर बाजूला करा, केळीच्या खोडाचे तुकडे करून फुलांसह खड्ड्यात घाला. मध्ये मध्ये मातीचा थर दिला की दोन-तीन महिन्यांत खत होतं. बकुळीचे सर मात्र सोडवून सावलीत वाळवा आणि सुती पुरचुंडीत बांधून शालूच्या घडीत ठेवा. पानं-फुलं गाईगुरांपुढे टाकणार असाल तर आधी सगळा ढीग हाताने चाळा. रुईची फुलं, चिकाच्या डहाळ्या आणि चुकून कुणी आणलेली कण्हेर त्यात राहता कामा नये.